हवा खाण्याचे भाडे

आपल्या लोकांनी हवा ही खाण्याची वस्तू केव्हापासून मानली, याचा शोध एखाद्या पंडिताने अवश्य घ्यावा. आमच्या वऱ्हाडात हवा लागते, हवा बाधते, आजाऱ्याला वैद्य हवा पालटायलाही सांगतो. पण पदरचे पैसे मोडून डोंगर चढावा, तेथे एखादे घर भाड्याने घ्यावे आणि चार दिवस नुसती हवा खात बसावे, ही गोष्ट माझ्या आजोबांना सांगितली असती तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. त्यांच्या लेखी डोंगर चढायचा तो देवासाठी. माहूरला रेणुकेसाठी, रामटेकला रामासाठी. वर पोचले की धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी पसरायची किंवा पुजाऱ्याच्या घरी उतरायचे. निघताना शिधा आणि दक्षिणा द्यायची. त्या देण्याला भाडे म्हणणे हा पुजाऱ्याचा आणि देवाचा, दोघांचाही अपमान झाला असता.

महाबळेश्वराचेच पाहा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम म्हणून ते क्षेत्र यात्रेकरूंना शतकानुशतके ठाऊक होते. शिवाजी महाराजांनी १६६५ साली जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. तेथे थंडी होती, धुके होते, जांभळीची दाट राने होती. पण त्यांच्यासाठी कोणी जात नसे. देवासाठी गेलेल्या माणसाला थंडी वाजे, एवढाच त्या हवेशी त्याचा संबंध.

मग साहेब आला. त्याचा देव वेगळा आणि त्याला आपला उन्हाळा सोसवेना. १८२४ साली जनरल लॉडविक नावाचा अधिकारी झाडीतून वाट काढीत त्या पठाराच्या टोकाशी पोचला. ते टोक आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. चार वर्षांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम तेथे आले आणि त्यांच्या मनाने घेतले की आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यस्थान करावे ते येथेच. पण जमीन साताऱ्याच्या छत्रपतींची. तेव्हा १८२९ साली प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात कंपनी सरकारने हा डोंगरमाथा आपल्याकडे घेतला. बाजारपेठेला नाव पडले माल्कम पेठ. हवेसाठी गाव देऊन डोंगर घेण्याचा हा व्यवहार मी मुलांना शिकवितो तेव्हा एखादा चौकस पोरगा हटकून विचारतो, “गुरुजी, यात फसले कोण?” या प्रश्नाचे उत्तर परीक्षेच्या पुस्तकात नाही.

अशा प्रत्येक डोंगरी गावाचा क्रम एकच. आधी तंबू, मग गवती छपरे, मग दगडी बंगले. बंगले उभे राहिले, पण बांधणाऱ्याची बदली व्हायची, रजा संपायची, कोणी विलायतेस परत जायचा. रिकामे घर मग दुसऱ्या साहेबाला भाड्याने द्यायचे. पुढे मुंबईचे पारशी, भाटिये, बोहरी सावकार या घरांचे मालक झाले, आणि डोंगरावर घरभाड्याचा एक निराळाच धंदा उभा राहिला. मैदानातल्या गावात भाडे महिन्याचे. येथे ते हंगामाचे. मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्यास आणि पुन्हा ऑक्टोबरात महाबळेश्वरी जात. त्यांच्यामागून सारा लवाजमा फिरे. घरमालकाला बारा महिन्यांची डागडुजी या थोड्या महिन्यांच्या भाड्यातून काढावी लागे. हंगामात डोंगरावर सगळेच महाग का, याचे मूळ या हिशेबात आहे.

आणि ती डागडुजी काही साधी नव्हे. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर, म्हणजे दोनशे तीस-चाळीस इंच पाऊस पडतो. आमच्या वाशीम जिल्ह्यात त्याचा सहावा-सातवा हिस्सा पडला तर पीक हाती लागते. एवढ्या पावसात दगडी भिंतसुद्धा पाणी पिते. म्हणून जून लागण्यापूर्वी बंगल्यांच्या भिंती आणि व्हरांडे गवताच्या झड्यांनी बांधून काढीत. खुर्च्या-पलंग आत, कुलूप बाहेर, आणि घर सारे गवतात गुंडाळलेले. आंबे पिकत घालावेत तशी घरे पिकत घातलेली! तीन-चार महिने त्या अंधारात एकटा राखणदार राहावयाचा. भाडेकरू जाई, मालक जाई. घराची खरी सोबत तो माळी नाही तर चौकीदार करी.

याच महाबळेश्वरी एक चमत्कारिक बिऱ्हाड होते. सिंगापूर-मलाक्काकडून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी येथे ठेविलेले असत. १८६४ साली तो तुरुंग मोडला, तोवर सुमारे तीस वर्षे त्यांनी येथे भाजीपाला आणि बटाटे पिकविले. साहेबाच्या टेबलावरची ताजी भाजी त्यांच्या हातची. एका धबधब्याला अजून चिनीमाणसाचे नाव आहे. महाबळेश्वरची तीच हवा, तेच पाणी त्यांनाही मिळाले. त्याचे भाडे मात्र त्यांनी आयुष्याने भरले.

महाबळेश्वरच्या पावसाला कंटाळलेल्या साहेबाला बारमाही राहण्याजोगे गाव हवे होते. जॉन चेसन या इंग्रजाने पाचगणी वसविली ती त्यासाठी. त्याने सिल्व्हर ओकची आणि इतर परदेशी झाडे लावली हे सर्वांना ठाऊक असते. मला त्याच्या कामातला दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, घरे बांधणारे अशांना बोलावून त्याने बाजाराखालच्या बाजूस जागा दिल्या. पैसेवाल्याने हवा खावी यासाठी कोणीतरी त्याचे कपडे धुवावे लागतात, हे त्याला पहिल्या दिवशीच कळले होते. डोंगरी गावाचे असे दोन मजले असतात: वर हवा खाणारे, खाली हवा खायला घालणारे.

पाचगणीच्या हवेला पुढे औषधाची किंमत आली. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तेथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले. त्या काळी क्षयाला औषध नव्हते. उघडी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार. शहरात ज्याला कोणी शेजारी राहू देत नसे, त्याला येथे खाट मिळे. ‘सॅनिटोरियम’ हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुळला आणि रुळता रुळता त्याचा अर्थही बदलला. देवळाली, लोणावळे, माथेरान येथे एकेका जातीजमातीच्या धर्मादायांतून सॅनिटोरियमे निघाली. नाव आजाऱ्यांचे, पण उतरत ती धडधाकट कुटुंबे! भाडे नाममात्र, भांडी तेथलीच, स्वयंपाक आपापला. हॉटेल न परवडणाऱ्या कारकुनाच्या बायकोने आयुष्यात प्रथम डोंगर पाहिला तो बहुधा अशा खोलीच्या खिडकीतून, स्टोव्हवर आधण ठेवता ठेवता.

माथेरानची गोष्ट याहून निराळी. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली हा डोंगर चढले आणि त्यांनी तेथे घर बांधले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. ती वळणे घेत सुमारे वीस किलोमीटरचा डोंगर चढते आणि लहान मुलांना जन्मभर आठवते. मोटारीला गावात अजून मज्जाव आहे. म्हणून तेथील भाड्याच्या बंगल्यात जाताना सामान हमालाच्या डोक्यावर, म्हातारे माणूस रिक्षात, आणि ती रिक्षा ओढणारा माणूस, अशी तेथली जुनी रीत! गेल्या काही वर्षांत या हातरिक्षांच्या जागी विजेवरच्या रिक्षा आणण्याची खटपट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

या माथेरानात १९१२ साली एका नाभिकाच्या घरी एक मुलगा जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल त्याचे नाव. पाहुण्यांच्या गावात सेवा करणाऱ्यांच्या आळीत वाढलेला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि बेचाळीसच्या चळवळीत त्याने आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने तो पडला. भाई कोतवाल म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. माथेरानच्या बंगल्यांची इंग्रजी नावे वाचीत फिरणाऱ्या पाहुण्याने हे एक मराठी नावही लक्षात ठेवावे. डोंगराला स्वतःची माणसे असतात, हे त्या नावाने सांगितले.

आता आमच्याकडे येऊ. माझे गाव धनज, वाशीम जिल्ह्यात, कारंज्याच्या तालुक्यात. मे महिन्यात येथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी कुत्रेसुद्धा सावली सोडीत नाही. महाबळेश्वर-माथेरान आम्हाला नकाशातले. आमचा डोंगर एकच, तो म्हणजे चिखलदरा. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले तो कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला, असे लोक सांगतात. उंची साडेतीन हजार फुटांच्या वर. शेजारीच गाविलगड. बहामनी सुलतानाने बांधलेला, इमादशाहीत वैभवाला चढलेला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या हातून लढून घेतलेला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ साली, हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर आला आणि तेथील हवेचे त्याला कौतुक वाटले. खाली एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला, त्या फौजेची छावणी होती. तापाने फणफणलेल्या अधिकाऱ्यांना वर पाठविता येईल अशी ही जागा. कोरकू आणि गवळी या माथ्यावर आधीपासून राहत होते. त्यांनी हा डोंगर शोधून काढला असे मात्र कोणी लिहिले नाही. आपण ज्या घरात जन्मलो ते घर आपण शोधून काढले, असे कोण म्हणतो?

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि चिखलदऱ्यावर वऱ्हाडातल्या साहेबांचे बंगले वाढले. पण मोठी मिरवणूक या गावाच्या नशिबी आली नाही. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि त्या प्रांताचे उन्हाळी दफ्तर जाई ते पचमढीला, जेथे कॅप्टन फोर्सिथने १८६२ साली ‘बायसन लॉज’ नावाचे आपले घर बांधले होते. नागपूर-वऱ्हाडातले मराठी कारकूनही मग दफ्तराच्या पेट्यांबरोबर पचमढी चढले. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, पचमढी मध्यप्रदेशात राहिली. वाटणीत थोरल्या भावाकडे माडी जावी आणि धाकट्याकडे गच्चीचा एक कोपरा राहावा, तसे झाले. तो कोपरा म्हणजे चिखलदरा. पण आपला कोपरा आपल्याला प्रिय असतो.

तिकडे जाण्याची जुनी रीतही मौजेची होती. कारंज्याहून ‘शकुंतला’ या छोट्या आगगाडीने मूर्तिजापूर, तेथे गाडी बदलून दुसऱ्या छोट्या गाडीने अचलपूर, आणि पुढे घाट. विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेले हे रूळ एका खाजगी इंग्रज कंपनीचे. स्वातंत्र्यानंतरही मालकी तिचीच राहिली आणि गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवी. म्हणजे आमची आगगाडीच भाड्याची! १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. मग डिझेल आले, आणि पुढे ती बंदच पडली. आज आम्ही एस. टी.ने जातो.

चिखलदरा आणि मेळघाट येथील बिऱ्हाडाचा खास प्रकार म्हणजे जंगलातील विश्रामगृह. जंगलखात्याच्या साहेबाला घोड्यावरून तपासणी करीत फिरावे लागे, म्हणून एकेका मुक्कामाच्या अंतरावर एकेक बंगला. उतरते कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा, लांब हातांची आरामखुर्ची, मागे खानसाम्याची खोली आणि टेबलावर नोंदवही. नोंदवहीत नाव, गाव, येण्याची व जाण्याची वेळ लिहायची. खाजगी माणसाला जागा मिळे ती रिकामी असेल तर. अधिकारी आला की बोचकी उचलायची. भाडे भरूनही पाहुणा हा उपराच. सिपना नदीकाठचे कोलकास, त्याच रस्त्यावरचे सेमाडोह, येथे आता कोणालाही आगाऊ नोंदणी करून उतरता येते. नोंदणी इंटरनेटवर होते. धनजच्या शाळामास्तरानेही साहेबाच्या व्हरांड्यात बसून चहा प्यावा, हे स्वराज्याचे एक लहानसे फळ आहे, आणि मी ते आवडीने चाखले आहे.

पण सगळ्यांत आठवणीत राहिले ते बिऱ्हाड बंगल्याचे नव्हे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची पाच माणसे चिखलदऱ्यास गेलो होतो. कोठेच जागा नव्हती. चहाच्या टपरीवाल्याने एका गवळ्याच्या घरी नेले. पुढची एकच मोठी खोली, शेणाने सारवलेली, भिंतीवर पांढऱ्या मातीची नक्षी. म्हातारीने भाडे सांगितले, आम्ही कबूल केले. रात्री खव्याची वाटी आली, ज्वारीची भाकरी आली. थंडी अशी की मुले गोधडीबाहेर नाक काढीनात. पहाटे मी पाणी मागायला मागे गेलो, तो गोठ्यात म्हशींच्या शेजारी कडब्यावर घरची सहा माणसे झोपलेली. सून, मुलगा, तीन लेकरे आणि ती म्हातारी. आम्ही भाड्याने घेतली होती ती त्यांची एकुलती एक खोली.

मी ओशाळून म्हणालो, “आजी, अगोदर सांगायचं होतं. आम्ही जागा करून घेतली असती.”

म्हातारी उठून बसली आणि हसली. “गुरुजी, म्हशीची ऊब चांगली राह्यते जी. तुमच्यानं न्हाई सोसवत थंडी. आमाले सवय हाय.” मग थोडे थांबून म्हणाली, “अन् या पैशात पोरीची फी भरल्या जाते.”

तिच्या बोलण्यात कुरकूर नव्हती आणि लाचारीही नव्हती. सौदा तिने डोळे उघडे ठेवून केला होता. निघताना माझ्या पत्नीने ठरल्यापेक्षा अधिक पैसे पुढे केले, तेव्हा तिने मोजून ठरलेले घेतले आणि उरलेले परत दिले. धाकट्या नातीला पेन्सिलींचा डबा दिला तो मात्र तिने घेऊ दिला.

त्या दिवसापासून डोंगरावरच्या भाड्याच्या घरांचा इतिहास वाचताना माझे लक्ष मागच्या दारी जाते. बंगला कोणी बांधला हे पाटीवर असते. त्यासाठी मागे कोण सरकले हे पाटीवर नसते. मेळघाट १९७४ च्या सुमारास वाघांसाठी राखला गेला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी तो एक. वाघ वाचले पाहिजेत, यात मला शंका नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी वाघ पुस्तकातच पाहावा असे मला वाटत नाही. पण या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही जंगलातली गावे उठून बाहेर आली, आणि त्यांच्यामागून आणखी कित्येक. काहींना खाली सडकेकाठी जमिनी मिळाल्या, शाळा-दवाखाना जवळ आला; काहींचे मन अजून वरच्या ढाण्यात आहे. ज्या रानात त्यांचे घर होते त्या रानात आपण एका रात्रीची खोली घेतो. कोणाच्या तरी जाण्याने आपल्या राहण्याची सोय होते, एवढे तरी राहणाऱ्याला ठाऊक असावे.

उन्हाळ्यात तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्या डोंगरावर पावसाळ्यात ढग उंबऱ्याशी येतात, तेथेच मे महिन्यात वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्याच वेळी पाहुण्याच्या न्हाणीघरात तोटी वाहत असते.

हे सगळे वाचून कोणी सुटीचा बेत रद्द करावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट जावे. पावसाळा संपून डोंगर हिरवे आहेत, धबधब्यांना अजून पाणी आहे, चिखलदऱ्यास कॉफीची झुडपे पाहावी. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती येथे. खवा आणावा. मुलांना गाविलगडाच्या दरवाजावरची दगडातली जनावरे दाखवावी. बंगल्यात उतरावे, तंबूत उतरावे, जंगलच्या विश्रामगृहात उतरावे, आणि जमल्यास कोणाच्या घरीही उतरावे, कारण तो पैसा सरळ चुलीपर्यंत जातो. फक्त घर घेताना दोन प्रश्न विचारावेत: “पाणी कोठून येते?” आणि “तुम्ही कोठे झोपणार?”

उत्तर ऐकून बेत बदलायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण विचारलेले बरे. आपल्या घरी पाहुणा येतो तेव्हा आपणही त्याला आतली खोली देऊन ओसरीवर झोपतोच, आणि तो सकाळी “झोप लागली का?” असे विचारतो, तेव्हा थंडीत अवघडलेली पाठसुद्धा हलकी होते. हवेचे भाडे पैशात देता येते. या विचारपुशीला मात्र पैसा लागत नाही, आणि तिच्यावाचून भाडे पुरते फिटत नाही.